पाच बोटांची विद्या

फ्रान्सिस तुस्कानोला एकच खोड होती. त्याला सगळं आधीच येत असे. बहारीनमधल्या हूऱ्यातल्या एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीचा तो मॅनेजर. टेबलक्लॉथवरचा डाग नुसता बघून पाहुण्यांनी काय खाल्लं आणि किती सांडलं ते तो सांगायचा, आणि ते बहुतेक खरं निघायचं. त्यामुळे डागांखेरीज बाकीच्या बाबतीतही आपलंच खरं असणार, अशी त्याची प्रामाणिक समजूत होऊन बसली होती.

शुक्रवारी संध्याकाळी कुणा ना कुणाच्या फ्लॅटवर वसईकरांची प्रार्थनासभा भरायची. तिथं पेटी वाजवायला फ्रान्सिसच. गाण्याच्या दोन ओळी कानावर पडल्या की त्याची बोटं पट्ट्यांवर धावायला लागत. ‘कागदबिगद आपल्याला लागत नाही, देवानं कान दिलेत,’ असं तो दर शुक्रवारी सांगे. कान देवानं सगळ्यांनाच दिलेत म्हणा. फ्रान्सिसचे गाण्याला उघडे असायचे आणि माणूस बोलायला लागला की आपोआप बंद व्हायचे.

अशा बापाच्या पोटी व्हॅलेरी जन्माला आली. वय पंधरा, नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली. घरात मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर, आणि तेही मिळालं तर आपलं नशीब. दुसऱ्याची चूक दिसली की तिच्याच्यानं राहवत नसे. एकदा तर तिनं मिस्सा संपल्यावर फादरना गाठून त्यांच्या प्रवचनातलं इंग्रजी दुरुस्त करून दिलं होतं. लहानपणापासून ती पियानोच्या क्लासला जायची. तिथं मारिसेल नावाची एक फिलिपिनो बाई शिकवायची. आवाज एवढा मऊ की रागावली तरी कुणाला पत्ता लागायचा नाही.

त्या वर्षी मिस मारिसेलच्या डोक्यात एक खूळ शिरलं. क्लासच्या वार्षिक कार्यक्रमात मोठ्या मुलांनी आपल्या आईबरोबर किंवा वडिलांबरोबर बसून, एकाच पियानोवर, समोर कागद ठेवून एक गाणं वाजवायचं. फ्रान्सिस मुलीला न्यायला आला तेव्हा दाराबाहेर त्यानं ते ऐकलं, आणि लगेच व्हॅलेरीचं उत्तरही ऐकलं.

‘मिस, माय फादर कान्ट रीड म्युझिक. ही जस्ट प्लेज समथिंग ॲट प्रेअर मीटिंग्ज. कॅन आय प्ले अलोन?’

समथिंग. वीस वर्षांची पेटी आणि मुलीच्या लेखी ती समथिंग. फ्रान्सिसला ते फार लागलं.

लागायला आणखी एक कारण होतं. जूनमध्ये त्याची बायको ऑलिव्ह आणि व्हॅलेरी दोघी कायमच्या वसईला जाणार होत्या. ऑलिव्हच्या आईला आता एकटीला ठेवता येत नव्हतं, आणि पोरीला अकरावीला तिकडेच घालायचं ठरलं होतं. फ्रान्सिस इथंच राहणार, फ्लॅट सोडून एका खोलीत. वर्षातून एकदा रजा. तोवर मुलगी कॉलेजात जाणार, तिचं जग वेगळं होणार, आणि हा तिच्या फोनमधला एक पप्पा होऊन राहणार. तिच्या आयुष्यातली जी एक गोष्ट त्याला थोडीफार कळत होती ती म्हणजे सूर, आणि तिथंही ती त्याला शेजारी बसवायला तयार नव्हती. जायच्या आधी एकदा तरी तिनं आपल्याला शेजारी बसू द्यावं, एवढंच त्याला पाहिजे होतं. पण हे असं सरळ सांगेल तर तो फ्रान्सिस कसला. तो दार ढकलून आत गेला आणि म्हणाला, ‘आय विल रीड, मिस. इट इज नॉट अ बिग थिंग.’

व्हॅलेरीनं डोळे मिटून घेतले.

मिसनं त्याला एक पान दिलं. पालकांची दया येऊन तिनं गाणं सोपं निवडलं होतं. वरची ओळ फ्रान्सिसची, तिच्यात नुसता उजवा हात आणि पाचच सूर. खालची भारी ओळ व्हॅलेरीची. शिवाय वरच्या ओळीत प्रत्येक ठिपक्याच्या डोक्यावर तिनं पेन्सिलीनं एकेक आकडा घातला होता.

घरी येऊन फ्रान्सिसनं पलंगाखालून व्हॅलेरीचं लहानपणीचं पियानोचं पहिलं पुस्तक ओढून काढलं. सुरुवातीच्या पानांवर हाताचं चित्र होतं आणि बारीक अक्षरात बऱ्याच सूचना होत्या. ती पानं त्यानं उलटली. सूचना वाचणारा माणूस तुस्कानोंच्या घराण्यात अजून जन्माला यायचा होता. पुढं धडे सुरू झाले. पाच रेघा, रेघांवर काळे-पांढरे ठिपके, आणि ठिपक्यांवर आकडे. एक, दोन, तीन.

आकडे बघून फ्रान्सिसला हसूच आलं. हे तर ओळखीचं होतं. पेटी वाजवणाऱ्या आपल्या माणसाला कुठलीही पट्टी नावानं ठाऊक असते: पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, असं करत वरपर्यंत. गावच्या मास्तरांनी त्याला तसंच शिकवलं होतं. एक म्हणजे पांढरी एक, दोन म्हणजे पांढरी दोन, आणखी काय असणार? ‘एवढ्या रेघा मारल्या, एवढे ठिपके काढले,’ तो ऑलिव्हला म्हणाला, ‘आणि शेवटी गोऱ्यांना आपल्यासारखे आकडेच घालावे लागले.’ रेघा शोभेला असाव्यात असं त्यानं ठरवून टाकलं. डाव्या हाताचे धडे त्यानं सोडून दिले, कारण डावा हात भाता मारायला असतो हे सगळ्या जगाला माहीत आहे.

आता खरं काय ते सांगायला हवं. ते आकडे पट्ट्यांचे नव्हतेच, बोटांचे होते. अंगठा एक, करंगळी पाच. कुठली पट्टी दाबायची ते रेघेवरचा ठिपका सांगतो, आणि कुठल्या बोटानं ते आकडा सांगतो. पण पुस्तकातल्या सुरुवातीच्या सगळ्या धड्यांत अंगठा पांढरी एकवरच ठेवायचा असतो. त्यामुळे आमचे फ्रान्सिसराव चुकीच्या वाटेनं चालत रोज बरोबर घरी पोचत होते.

मिसनं दिलेल्या गाण्यात मात्र अंगठा पांढरी पाचवर होता. फ्रान्सिसनं तेही पांढरी एकपासूनच वाजवलं. आणि गंमत अशी की पाच पट्ट्या तिथून धरल्या काय नि इथून धरल्या काय, चाल अगदी तीच ऐकू येते, फक्त आवाज खाली किंवा वर जातो. एकट्यानं वाजवलं तर पोपसाहेबांनाही चूक सापडायची नाही. सोबत दुसरं कुणी त्याच कागदावरून वाजवायला बसलं, तर मात्र बोंब.

एके दिवशी व्हॅलेरीनं परीक्षा घेतली. पुस्तकातल्या सुरुवातीच्या धड्यांतलं उजव्या हाताचं कुठलंही पान काढून ती ठिपक्यावर बोट ठेवी, ‘धिस वन?’ आणि फ्रान्सिस आकडा बघून पट्टी दाबी. सगळ्या बरोबर.

‘ओके,’ ती भुवया उंचावून म्हणाली. ‘नॉट बॅड, पप्पा.’

झालं. मुळात अर्ध्या हळकुंडानं पिवळा होणारा माणूस, त्याला आता अख्खं मिळालं. दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या स्टोअरमध्ये त्यानं नजीबला तासभर व्याख्यान दिलं. नजीब राजापूरकडचा, खरेदीचं काम बघायचा, आणि फ्रान्सिसला इतकी वर्षं ऐकून घेतल्याबद्दल त्याला जन्नत नक्की होती.

‘वाचणं म्हणजे काही नाही रे नजीब, डोकं पाहिजे. मी कुणाला एक शब्द विचारला नाही.’

‘तुमचं बरं आहे फ्रान्सिसभाय,’ नजीब साबणाची खोकी मोजता मोजता म्हणाला. ‘आम्हाला अलिफ-बे वाचायला मौलवीसाब लागले, वर छडी लागली. तुम्हाला पुस्तक बघूनच येतंय. अल्लाची देणगी म्हणायची.’

‘तेच तर,’ फ्रान्सिस म्हणाला. टोमणा त्याच्या लाँड्रीत यायचा पण त्याला डाग पडायचा नाही.

घरी ऑलिव्हनं मात्र पिच्छा पुरवला. ‘अरे, एकदा पोरीबरोबर बसून वाजव. दोघांचं जमतंय का बघ तरी.’

‘तालीम ज्यांना येत नाही त्यांना लागते.’

‘विचारलंस तिला काही तर काय झिजशील?’

‘बापानं पोरीला विचारायचं? मग तिनं काय करायचं, मला पॉकेटमनी द्यायचा?’

खरी गोष्ट वेगळी होती. फ्रान्सिस घाबरला होता. तिच्यासमोर बसलो, चुकलो, आणि ती म्हणाली, ‘लीव्ह इट पप्पा, आय विल प्ले अलोन,’ तर? मग तिच्या शेजारचं स्टूल गेलं हातचं. स्टेजवर एकदा बसलो की तिला आपल्याला उठवता येणार नाही, असा त्याचा हिशेब होता. त्यापायी व्हॅलेरीनं दोनदा विचारलं तेव्हा दोनदा त्यानं ‘इंशाल्ला, उद्या’ म्हणून टाळलं. बहारीनमध्ये ‘इंशाल्ला, उद्या’चा अर्थ पोरांनाही कळतो. तिनं ‘फाइन’ म्हटलं आणि हेडफोन लावून आपली ओळ एकटीनं पक्की केली. मिसनं ठेवलेल्या रंगीत तालमीच्या दिवशी हॉटेलात लग्नाची मोठी पार्टी होती. बिर्याणीनं माखलेले टेबलक्लॉथ डोंगराएवढे साचले होते, आणि फ्रान्सिसनं ते स्वतः जातीनं धुऊन घेतले. एरवी तो त्यांना हातही लावत नसे.

मेअखेरीला कार्यक्रम झाला. जुफैरमधला एक छोटा हॉल, एसी एवढा गार की बायकांनी ओढण्या कानाभोवती गुंडाळल्या होत्या. वसईकर मंडळी आली होती, नजीब आला होता, तिसऱ्या रांगेत व्हॅलेरीच्या शाळेतल्या मैत्रिणी फोन उगारून बसल्या होत्या. फ्रान्सिसनं लग्नातला सूट घातला होता, तो आता फक्त एका बटणात बसायचा.

नाव पुकारलं गेलं. दोघं जाऊन बसली. व्हॅलेरी डावीकडे, फ्रान्सिस उजवीकडे. बसल्या बसल्या त्याचा डावा हात सवयीनं भाता शोधायला पुढे गेला. व्हॅलेरीनं तो न बोलता उचलून त्याच्या मांडीवर ठेवला. एवढ्यानंही त्याला बरं वाटलं. पोरगी शेजारी होती. तिनं मान हलवली आणि वाजवायला सुरुवात केली, आणि फ्रान्सिसनं अंगठा ठेवला पांढरी एकवर.

पहिल्याच सुराला दोघांच्या आवाजांनी एकमेकांची कॉलर धरली. दुसऱ्याला त्याहून जोरात. पुढच्या रांगेतलं एक तान्हं पोर रडायला लागलं, त्याला काय कळायचं ते कळलं होतं.

फ्रान्सिसनं कागदाकडे बघितलं. एक, एक, दोन, तीन. बोटं तेच वाजवत होती. म्हणजे आपण बरोबर. म्हणजे पोरगी चुकतेय. कान ओरडून काहीतरी सांगत होते, पण आज तो वाचणारा माणूस होता आणि वाचणारी माणसं कानावर विश्वास ठेवत नाहीत. तिला धीर यावा म्हणून त्यानं आणखी ठासून वाजवलं. तिच्या समोर तिचा कागद होता, तोही बरोबर होता, म्हणून तिनंही ठासून वाजवलं. चाळीतल्या दोन शेजारणी एकाच नळावरून भांडाव्यात तसं ते चाललं. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

फ्रान्सिसनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून व्हॅलेरीकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले होते. तिसऱ्या रांगेतले फोन तिच्या दिशेनं होते. ती आता रडणार, हे त्याला दिसलं. लहान असताना रडण्याआधी तिची हनुवटी अशीच थरथरायची.

तेव्हा फ्रान्सिस कागद विसरला. एवढी घोकलेली विद्या, एवढा मिरवलेला मोठेपणा, सगळं त्याच्या डोक्यातून गेलं. पोरगी चुकली असेल तर चुकू दे, त्याच्या मनात आलं, ती जिथं गेलीय तिथं आपण जाऊ, म्हणजे ती चुकली हे कुणाला कळणार नाही. त्यानं डोळे मिटले. शुक्रवारी करायचा तसं ऐकलं. क्षणभर हात उचलला, उजवीकडे सरकवला, आणि अंगठा अलगद पांढरी पाचवर टेकवला.

आणि सूर बसले. तिचे भारी सूर खाली, त्याची साधी चाल वर. मागचं फिसफिसणं थांबलं. ते रडणारं पोरही थांबलं. शेवटपर्यंत दोघं वाजवत गेली. टाळ्या पडल्या, त्यातल्या सगळ्याच काही दयेच्या नव्हत्या.

टाळ्या चालू असतानाच फ्रान्सिसनं वाकून मोठ्या मनानं विचारलं, ‘काय झालं गं बाय? घाबरलीस?’

व्हॅलेरीनं त्याच्या हाताकडे बघितलं. मग त्याच्या कागदाकडे, पहिल्या ठिपक्यावरच्या ‘एक’ या आकड्याकडे. मग पुन्हा त्याच्या अंगठ्याकडे. पेटीच्या आवाजात लहानाची मोठी झालेली पोर ती. बाप कुठं आणि कसा चुकला होता ते तिला तिथल्या तिथं कळलं. तिनं तोंड उघडलं. फादरनासुद्धा न सोडणारी ती मुलगी, आता बोलणार होती. मग तिनं तोंड मिटलं.

‘येस पप्पा,’ ती म्हणाली. ‘आय गॉट नर्व्हस.’

बाहेर समोसे आणि ज्यूस मांडले होते. फ्रान्सिसनं पहिला समोसा संपायच्या आत चार जणांना सांगितलं की पोरगी ऐनवेळी भलतीकडेच गेली, पण बापानं सांभाळून घेतलं, त्याला अनुभव लागतो. पाचवं गिऱ्हाईक शोधत असताना मिस मारिसेल समोर आली.

‘सर, यू स्टार्टेड इन द राँग पोझिशन,’ ती तिच्या मऊ आवाजात म्हणाली. ‘बट व्हॉट अ रिकव्हरी. मोस्ट पेरेंट्स वुड हॅव स्टॉप्ड.’

फ्रान्सिस हसला. ‘नो मिस, दॅट वॉज व्हॅलेरी.’

मिस गोंधळली. तिनं त्याच्या हातातला कागद घेतला, पहिल्या ठिपक्यावर नख ठेवलं आणि सांगितलं की हा ठिपका या पट्टीचा, आणि वरचा एक म्हणजे सर, युअर थंब. नॉट द की. द थंब. तिनं स्वतःचा अंगठा हलवून दाखवला.

फ्रान्सिसनं आपल्या अंगठ्याकडे बघितलं. पन्नाशी उलटेपर्यंत तो अंगठा त्याच्याजवळच होता आणि आज पहिल्यांदा त्याची कुणी ओळख करून देत होतं. मग एकेक गोष्ट त्याच्या डोक्यात उतरत गेली. धडे बरोबर का आले, स्टेजवर का फाटलं, पोरीनं त्याच्या हाताकडे एवढं का बघितलं. शेवटी हेही उतरलं की तिला कळलं होतं, आणि तरी ती येस पप्पा म्हणाली होती. त्याची मान खाली गेली. त्यानं चार जणांना सांगितलं होतं. आता त्या चौघांनी आणखी कितींना सांगितलं असेल ते देवच जाणे.

तो वळला. कोपऱ्यात वसईच्या बायका व्हॅलेरीला घेरून उभ्या होत्या, नजीबही होता. ‘होतं गं असं,’ कुणीतरी म्हणत होतं. आणि व्हॅलेरी, जी आजीशी फोनवर दोन वाक्यं मराठीत बोलताना दहा वेळा सुस्कारे टाकायची, ती सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत सांगत होती. ‘माझंच चुकलं. मी भलतीकडे सुरू केलं. पप्पांनी सांभाळलं.’ उच्चार वाकडेतिकडे होते, पण एक शब्द अडखळला नाही. ऑलिव्ह शेजारी आ वासून उभी होती.

फ्रान्सिस लगबगीनं तिथं पोचला. ‘अगं, नाही, ऐका सगळे, ते खरं म्हणजे मी...’

‘खलास, पप्पा,’ व्हॅलेरी म्हणाली आणि समोशाची प्लेट त्याच्या हातात कोंबली.

त्याला लाज वाटत होती, आणि तिच्यावर एवढं प्रेम दाटून आलं होतं की त्यानं अख्खा समोसा एकदम तोंडात घातला. नजीबनं त्याला पाणी आणून दिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा टोमणा न मारता तसाच गेला.

परतताना गाडीत ऑलिव्ह मागे बसली होती, व्हॅलेरी पुढे. हूऱ्याचे दिवे दिसायला लागले तेव्हा फ्रान्सिस म्हणाला, ‘तुला कळलं होतं.’

‘येस.’

‘मग तिथंच का नाही सांगितलंस? एरवी सोडत नाहीस कुणाला.’

फ्रान्सिसला वाटलं, नेहमीप्रमाणे आताही व्हॅलेरी उत्तर देणार नाही.

‘तुला वाटलं मी चुकतेय,’ ती म्हणाली, मराठीत, हळूहळू, शब्द शोधत. ‘तरी तू मला सोडून नाही वाजवलंस. माझ्याकडे आलास.’

फ्रान्सिसनं उगाचच इंडिकेटर लावला आणि बंद केला. जून तोंडावर आला होता. सामानाच्या बॅगा घरात पलंगावर उघड्या पडल्या होत्या.

‘मला शिकव,’ तो म्हणाला.

हे शब्द त्याच्या तोंडून आजवर कुणी ऐकले नव्हते. मागच्या सीटवर ऑलिव्हनं मुकाट्यानं क्रूसाची खूण केली.

‘यू विल आर्ग्यू,’ व्हॅलेरी म्हणाली.

‘करीन,’ फ्रान्सिस खरं बोलला. ‘तरी शिकव. जाईपर्यंत रोज.’

‘ओके. उद्या सकाळी, तुझ्या शिफ्टच्या आधी. पण मी सांगेपर्यंत पट्टीला हात लावायचा नाही.’

‘बरं,’ फ्रान्सिस म्हणाला.